तैवान, वेल्स आणि साडभाऊंचं नाक

व्हिस्की स्कॉटलंडात होते, फार तर आयर्लंड-अमेरिकेत होते, आणि आपल्याकडे जी होते तिच्याबद्दल चारचौघांत बोलायचं नसतं, एवढंच माझं या विषयातलं ज्ञान साठीपर्यंत होतं. अकोल्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी तेहतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. अल्कोहोलचं सूत्र किती पोरांकडून पाठ करून घेतलं असेल त्याला गणती नाही. स्वतः प्यायचो क्वचित, आणि तेही सरकारी परवाना काढून. आमच्या अख्ख्या जठारपेठेत परवाना काढून पिणारा मी एकटाच असेन असं बायको म्हणते. तिचं म्हणणं खोटं असावं असं मला वाटत नाही.

तैवान, वेल्स, झेक अशा देशांतही व्हिस्की होते हे मला कळलं ते साडभाऊंमुळे. साडभाऊ म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते अमरावतीला राहतात. जन्मभर जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, ग्रेडर होते. आलेला कापूस मुठीत दाबून, चिमटीत ओढून, नाकाशी नेऊन तो कोणत्या प्रतीचा, हे सांगायचं काम ग्रेडरचं. धाग्याची लांबी आणि ओल पाहायला आता यंत्रं आली, पण कापसाची गंजी, म्हणजे रचलेला ढीग, आतून तापायला लागली की तिला एक आंबूस वास सुटतो, तो यंत्राला येत नाही. तो वास वेळेत नाही आला तर गंजी पेटते. साडभाऊंना तो दारातूनच यायचा, म्हणून निवृत्तीनंतरही दर हंगामात जिनिंगवाले त्यांना तीन महिने बोलवून नेत.

साडू हे नातं तसं विचित्रच. दोन बहिणींना एकमेकींशी बोलायचं असतं, तेवढा वेळ त्यांच्या नवऱ्यांनी ओसरीवर बसून पावसापाण्याचं बोलायचं. आम्ही ते पस्तीस वर्षं केलं. सासुरवाडीला थोरला जावई म्हणून पहिलं ताट त्यांना आणि दुसरं मला. त्यांच्या मते मी पुस्तकी माणूस होतो आणि माझ्या मते ते बढाईखोर होते. त्यांची एक गोष्ट मी प्रत्येक लग्नात ऐकली आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी शेठला शंका आली, की हा पोरगा नुसता अंदाजपंचे बोलतो. म्हणून शेठनं एकाच गंजीतला कापूस दोन पुड्यांत बांधला. एकीवर चार नंबर टाकला, दुसरीवर नऊ, आणि दोन्ही तपासायला पाठवल्या. साडभाऊंनी वास घेतला, धागा ओढला, नऊ नंबरची पुडी चार नंबरच्या पुडीत रिकामी केली आणि शिपायाच्या हाती परत दिली. शेठनं पुन्हा कधी त्यांची परीक्षा घेतली नाही म्हणे.

मग ताई गेल्या. ताई म्हणजे त्यांची बायको. दिवसकार्य झालं, तेराव्याला मी जेवून आलो, आणि त्यानंतर अमरावतीला जायचं काही कारणच उरलं नाही. बायको अधूनमधून त्यांना फोन करायची. मी 'माझाही नमस्कार सांग' म्हणायचो.

चौदा महिने असेच गेले. पुढं मी काही कामानं नागपूरला गेलो होतो, तेव्हा त्यांचा मला फोन आला. त्यांची मुलगी तैवानात नोकरीला आहे, ती सुट्टीवर येत होती. "तुमी नागपुरातच हाये म्हन्ते, तर पोरीले संगं घेऊन या," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. आम्ही विमानतळावरून निघालो, तो लगेच दुसरा फोन आला. "तिच्याजवळ एक बाटली हाये. सरळ रस्त्यानं नोका येऊ. मधात वर्धा जिल्हा लागते."

वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. नागपूर-अमरावती हमरस्ता त्याच जिल्ह्यातून जातो. बाहेरून आलेली, बिलासकट सीलबंद बाटली नुसती त्या जिल्ह्यातून गेली तर कायदा काय म्हणतो, हे मला माहीत नव्हतं, साडभाऊंनाही नव्हतं. मुलगी म्हणाली, "काका, चला सरळ, कोणी विचारत नाही." पण मी परवानाधारक माणूस. ड्रायव्हरला काटोल-वरूड-मोर्शीवरून घ्यायला सांगितलं. संत्र्यांचे दिवस होते. वरुडापासून मोर्शीपर्यंत रस्त्याच्या कडेला ढीगच ढीग. दीड तास जास्त लागला. पोरगी मागच्या सीटवर झोपून गेली आणि ती बाटली माझ्या मांडीवर होती. दारात साडभाऊ उभे होते. त्यांनी आधी बाटली घेतली, मग लेकीची बॅग.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता त्यांनी ती उघडली. मी म्हटलं, ही काय वेळ झाली? ते म्हणाले, "माल दिवसा उजेडी पाहा लागते." ग्लासला नाक लावून ते बराच वेळ बसले. बाटलीच्या खोक्यावर इंग्रजीत चवींची यादी छापलेली होती. त्यात व्हॅनिला होता, जायफळ होतं, आणि कुठल्याशा थंड मुलखातला मध होता. मी ती वाचून दाखवू लागलो, तर त्यांनी हातानं थांबवलं. "ते उचलली जीभ लावली टाळ्याले हाये. आंबा हाये हा. पाडाचा. अढीतल्या गवताचा वास लागला त्याले."

मी ग्लास नाकाशी नेला आणि मला खरंच आंबा आला. नुसता आंबा नाही, तर कोठीच्या खोलीत गवतात घातलेला, वरून पोतं टाकलेला. आयुष्यात प्रथमच मला साडभाऊंचा आदर वाटला. बढाई मारणारा माणूस खराही असू शकतो, हे माझ्या शास्त्रात बसत नव्हतं.

तैवान आपल्यासारखाच गरम मुलूख. गरम हवेत पिंपातली दारू लवकर मुरते, पण उडूनही जास्त जाते, हे मी त्यांना समजावलं. त्यांना समजावायची गरज नव्हती. "घट," ते म्हणाले. उघड्यावरच्या कापसाचं वजन वाळून कमी होतं, त्याला जिनिंगमध्ये घट म्हणतात. अकोल्याच्या मे महिन्यात पिंप ठेवलं तर काय होईल, यावर आम्ही अर्धा तास बोललो. चार दोन वर्षांत पिंपात नुसता वास उरेल, असं ठरलं. पस्तीस वर्षांत एका विषयावर आम्ही इतका वेळ बोललो नव्हतो.

त्यानंतर महिन्यातून एक रविवार अमरावतीचा झाला. बाटल्या कुठून मिळायच्या, याचं उत्तर लांबलचक नाही. माझे जुने विद्यार्थी जगभर पसरले आहेत. येताना 'सर, काय आणू' असं विचारतात. पूर्वी मी 'काही नको बाबा' म्हणायचो. आता 'तिथली व्हिस्की असेल तर' असं म्हणू लागलो. पलीकडून 'सर, तुम्हीच बोलताय ना?' असं यायचं. एकानं वेल्सहून आणली, एकानं झेक देशातून. टास्मानिया नावाच्या बेटावरची एक आली, तेव्हा मी आधी नकाशा काढला. स्कॉच घरी कोणीही आणून देतं. आम्हाला मात्र ज्या देशाचं नाव सांगितल्यावर ऐकणारा 'तिथंही होते का?' म्हणेल, अशा देशाची हवी होती.

बसायची पद्धत साडभाऊंची, म्हणजे जिनिंगची. बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळायचं. ओतणारा मी. मी ओतेपर्यंत ते भिंतीकडं तोंड करून बसणार. ग्लासाखाली नंबराची चिठ्ठी. खारे दाणे, शेव, चिवडा वर्ज्य. मधे तोंड साफ करायला नुसत्या ज्वारीच्या लाह्या. आधी ते वास घेणार आणि सांगणार, मी लिहिणार. मग मी घोट घेणार आणि सहमती नोंदवणार. लिहायला मी प्रॅक्टिकलची एक कोरी वही वापरली. तिच्यात कृती, निरीक्षण आणि अनुमान असे तीन रकाने आखलेलेच असतात. निरीक्षणात वास आणि अनुमानात देश.

ती वही आजही वाचण्यासारखी आहे. वेल्स : 'बाभळीच्या लाकडावर रंधा मारून राहिले, अन् मागं कोणी पेरू कापला.' झेक : 'सरकीची ढेप, भिजवून तासभर झालेली.' स्वीडनच्या धुरकट व्हिस्कीला : 'हुरड्याची आगटी, पण कणसं उचलून झाल्यावरची.' दक्षिण आफ्रिका : 'मका. लावणारानं पाणी जास्त देल्लं.' टास्मानियाला त्यांनी दोनदा हुंगलं आणि 'मोर्शीच्या संत्र्याची साल कोणीतरी शेकोटीत टाकली' म्हणाले. मी प्यायलो आणि मलाही साल जळताना दिसली. प्रत्येक नोंदीपुढं माझ्या अक्षरात 'सहमत' असं लिहिलेलं आहे.

उरलेली बाटली मी परत अकोल्याला आणायचो. साडभाऊ एकटे राहतात, घरात बाटली नको, असं बायकोचं मत होतं. घरी आणल्यावर लेबलावर पेन्सिलीनं पातळीची रेघ मारायची आणि तारीख घालायची. प्रयोगशाळेत ब्युरेटच्या नळीवरचं रीडिंग घ्यायची सवय जन्माची. बायकोला वाटायचं, ही रेघ तिच्यावर संशय म्हणून आहे.

गेल्या ज्येष्ठात साडभाऊंना ताप आला. आठ-दहा दिवस पडून होते. बायको जाऊन राहिली, पथ्यपाणी केलं, परत आली. मी पुढच्या महिन्यात गेलो, तेव्हा ते बारीक झाले होते, पण बरे होते. बैठक झाली. काही बदललं आहे असं मला तेव्हा वाटलं नाही. आता मागं वळून पाहिलं तर बरंच दिसतं. ते पूर्वीपेक्षा जास्त वेळ ग्लास नाकाशी धरायला लागले होते. भिंतीकडून वळल्यावर आधी ग्लासाकडं न पाहता माझ्याकडं पाहायचे. 'यावेळी कोन्ते कोन्ते देश हाये' असं आधीच सहज विचारून ठेवायचे, जे पूर्वी त्यांनी स्वतःच बाद ठरवलं असतं. एकदा तर आम्ही बाहेरच्या खोलीत बसलो असताना आत दूध जळून पातेलं काळं झालं. मी धावत जाऊन गॅस बंद केला. घरभर धूर. ते म्हणाले, "ध्यानात नाई रायलं." वय झालं, असं मी मनात म्हटलं आणि माझ्यापेक्षा ते सहा वर्षांनी मोठे आहेत याचं थोडं बरंही वाटलं.

भाद्रपदातल्या बैठकीला मी दोन बाटल्या नेल्या. तैवानची दुसरी आणि वेल्सची उरलेली. दोन्हींना एकाच दिवसाचा पेपर गुंडाळलेला. साडभाऊ भिंतीकडं तोंड करून बसले. मी एक नंबरचे दोन ग्लास भरले, एक त्यांचा, एक माझा. तेवढ्यात बायकोचा फोन आला. रक्तदाबाची गोळी पिशवीच्या बाहेरच्या खणात आहे, ती घेतली का? मी उठलो, गोळी शोधली, पाणी प्यायलो, परत येऊन दोन नंबरचे ग्लास भरले.

एक नंबरला साडभाऊ म्हणाले, "आंबा. अढीतला. तैवान." दोन नंबरला बराच वेळ घेतला. मग म्हणाले, "बाभूळ हाये. रंधा मारेल. अन् मांग पेरू. वेल्स." मी दोन्ही प्यायलो, मान डोलावली, दोन वेळा 'सहमत' लिहिलं. मग आम्ही त्यांनी केलेलं वांग्याचं भरीत आणि भाकरी खाल्ली. भरितात मीठ नव्हतं. तेही मी ध्यानात ठेवलं नाही.

सोमवारी सकाळी मी रेघा मारायला बसलो. वेल्सच्या बाटलीची पातळी जुन्या रेघेवर जशीच्या तशी. तैवानची चार मापं खाली. मी दोनदा पाहिलं. बाटली खिडकीत धरून पाहिली. गोळी घेऊन परत आल्यावर मी दुसऱ्यांदाही तीच बाटली उचलली होती. एकाच गंजीतला माल, दोन नंबर. आणि ज्या माणसानं असल्या दोन पुड्या एकात रिकाम्या करून शेठचं तोंड बंद केलं होतं, त्यानं मला एका ग्लासात आंबा आणि दुसऱ्यात बाभूळ दाखवली होती.

मग वही काढली. तापानंतरच्या पानांवर एकही नवी नोंद नव्हती. सगळी वाक्यं मागच्या पानांवरची होती, थोडी इकडची तिकडं केलेली. मीच लिहिली होती आणि माझ्याच ध्यानात आली नव्हती. त्यांचं नाक गेलं होतं. त्यांनी ते लपवलं होतं.

मला वाईट वाटलं, पण त्याच्या आधी राग आला, हे कबूल केलं पाहिजे. इतके महिने हा माणूस मला बनवत होता, असं वाटलं. मी बायकोला सांगितलं नाही. आश्विनातला रविवार मी पाहुणे आल्याचं सांगून टाळला. त्या टाळण्यात एक गोष्ट मात्र लक्षात येत गेली. दसरा होऊन गेला होता. बाजारात नवा कापूस यायला लागला होता. साडभाऊ आता जिनिंगला जाणार, गंज्यांमधून फिरणार, आणि एखाद्या तापलेल्या गंजीचा वास त्यांना येणार नाही. माझ्या रागाला एक चांगलं कारण मिळालं. आता हा माझा प्रश्न उरला नव्हता, कामगारांच्या जिवाचा होता, आणि तो मांडणं माझं कर्तव्य होतं. अमरावतीला जाताना बडनेऱ्याच्या गाडीत बसून मी ते भाषण तीनदा मनात म्हटलं.

बरोबर एकच बाटली नेली होती, फिनलंडची, न उघडलेली. पेपर गुंडाळला नव्हता. साडभाऊ नेहमीसारखे भिंतीकडं वळायला लागले.

"तोंड फिरवू नका," मी म्हटलं.

त्यांच्या डोळ्यांदेखत मी बाटलीचं सील तोडलं आणि त्यांच्यासमोरच्या दोन ग्लासांत एकेक माप ओतलं. खाली चिठ्ठ्या सरकवल्या. एकीवर चार लिहिलं होतं, दुसरीवर नऊ.

ते चिठ्ठ्यांकडं पाहत राहिले. बाहेर भंगारवाला ओरडत गेला. मग त्यांनी नऊ नंबरचा ग्लास उचलला, चार नंबरच्या ग्लासात हळूच रिकामा केला, एक थेंब न सांडता, आणि भरलेला ग्लास माझ्याकडं सरकवला.

"कवा समजलं?"

"मागच्या वेळी. चुकून एकच बाटली दोनदा ओतली."

"चुकून?"

"चुकून."

त्यांनी मान हलवली. "तापापासून काईच नाई. फोडनीचा नाई, उदबत्तीचा नाई. कपाशीचाही नाई. डॉक्टर म्हन्ते येईन वापस, नाई त नाई येनार."

मी भाषण सुरू केलं. हंगाम लागला आहे, तुमच्या भरवशावर तिथं माणसं काम करतात, एखादी गंजी आतून तापली तर... त्यांनी मला अर्ध्यावर तोडलं.

"जिनिंगवाल्याले पोळ्याच्या आंदीच सांगतलं म्या. त्यायनं दुसरा मानूस ठेवला. तिथं लोकायचा माल हाये, लोकायचा जीव हाये. तिथं कावून खोटं बोलीन मी?"

माझं भाषण तिथंच संपलं. तरी मी विचारलंच. "मग मला का नाही सांगितलं?"

ते उठले, आत गेले, लाह्यांची वाटी घेऊन आले. बसले. मग म्हणाले, "तुमचं नाक त शाबूत हाये ना?"

"आहे."

"मंग दोनी गिलासात एकच माल हाये, हे तुमाले कावून नाई समजलं?"

याचं उत्तर मला अजूनही सापडलेलं नाही. म्हणजे सापडलं आहे, पण ते वहीत लिहिण्यासारखं नाही. त्यांनी बाभूळ म्हटलं, मला बाभूळ आली. इतकी वर्षं पोरांना सांगत आलो, आधी निरीक्षण आणि मग अनुमान. स्वतः मात्र मी व्हिस्की कधी प्यायलोच नव्हतो, साडभाऊंचं बोलणं प्यायलो होतो.

"नाराज नोका होऊ," ते म्हणाले. "तुमाले खोटं सांगाचं मनात नव्हतं. पन वास गेला म्हनलं असतं, त तुमी इथं कायले आले असते?"

'असं कसं, आलोच असतो' हे वाक्य माझ्या तोंडाशी आलं. ते वाक्य कोणीही म्हटलं असतं. पण ताई गेल्यापासून पहिल्या बाटलीपर्यंत चौदा महिने होते. त्या चौदा महिन्यांत मी एकदाही त्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. ते त्यांना माहीत होतं आणि मलाही माहीत होतं. म्हणून ते वाक्य मी लाह्यांबरोबर गिळलं. मला स्वतःची लाज वाटली. त्यांनी माझ्यासाठी खोटं बोलायचं ठरवलं, त्याला कारण मीच होतो.

थोड्या वेळानं त्यांनी माझ्या पिशवीतून वही काढली, पेनचं टोपण उघडलं आणि चष्मा लावला. "आता तुमी सांगा. मी लिहितो."

मी ग्लास नाकाशी नेला. काहीच आलं नाही. म्हणजे वास आला, पण त्याला नाव आलं नाही. इतकी सोपी वाटणारी गोष्ट इतकी अवघड असेल, असं वाटलं नव्हतं. मी खोकं हातात घेऊन पाहायला लागलो, तर त्यांनी ते काढून घेतलं.

"भाकरीसारखा आहे," मी शेवटी म्हटलं.

"कोन्ती भाकर?"

मी पुन्हा वास घेतला. "बाजरीची."

"तव्यावरची का निखाऱ्यावरची?"

"तव्यावरची. जरा करपलेली."

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि डोळे मिटले. "कडेनं करपली का मधात?"

मला कळलं, की ते आता शोधत होते. त्यांच्या डोक्यात कुठंतरी ती भाकरी होती. कोणी भाजलेली, कोणत्या घरातली, ते मला माहीत नव्हतं, पण तिच्यापर्यंत पोचायला त्यांना माझं नाक लागत होतं. मी परत एकदा हुंगलं, या वेळी नीट, ओठ मिटून, परीक्षेला बसलेल्या पोरासारखं.

"कडेनं," मी म्हटलं.

"बराबर," ते म्हणाले, आणि डोळे उघडून मोठ्या गोल अक्षरात लिहू लागले. फिनलंडची ती व्हिस्की राय नावाच्या धान्याची होती, हे मी नंतर खोक्यावर वाचलं. ते धान्य मी कधी पाहिलेलं नाही. लिहून झाल्यावर त्यांनी एक घोट घेतला. "तिखट लागते फकस्त," म्हणाले. सहमत वगैरे काही लिहिलं नाही.

निघताना मी बाटली पिशवीत टाकली नाही. त्यांनीही ती दिली नाही. बायकोला सांगितलं, तेव्हा तिनं आधी 'बाटली तिथंच ठेवली?' विचारलं, मग वासाचं ऐकलं. दुसऱ्या दिवशी तिनं त्यांना फोन करून गॅस रात्री सिलिंडरपासून बंद करायला बजावलं.

महिना व्हायला अजून तीन आठवडे होते. तरी मी पुढच्याच रविवारी गेलो. साडभाऊंनी दार उघडलं आणि सवयीनं पिशवीकडं पाहिलं. पिशवीत माझी गोळी, पाण्याची बाटली आणि बायकोनं दिलेल्या शेवयांची पुडी होती. दुसरं काही नव्हतं. त्यांनी पिशवी पुन्हा एकदा पाहिली, मग माझ्याकडं पाहिलं.

"देश कोन्ता आनला?"

"कोणताच नाही."

"मंग कावून आले?"

"असाच," मी म्हटलं.

त्यांनी चहाचं आधण ठेवलं, दूध दुसऱ्या शेगडीवर ठेवलं, आणि बाहेर जाऊन खुर्चीवर बसले. मी दुधापाशी उभा राहिलो.